सात हजारांचं गाव, अठरा हजारांचं स्टेडियम: गँगाँचा फुटबॉल क्लब चालतो कसा?

फ्रान्सच्या नकाशात अगदी पश्चिमेला, अटलांटिक महासागरात घुसलेला जो सोंडेसारखा भाग दिसतो, तो ब्रिटनी. त्याच्या उत्तर किनाऱ्यापासून थोडं आत, पॅरिसहून ब्रेस्टला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर गँगाँ नावाचं गाव आहे. लोकसंख्या जेमतेम सात हजार. आपल्याकडे एवढ्या वस्तीला तालुक्याचं ठिकाणही म्हणणार नाहीत. पण या गावात अठरा हजार प्रेक्षक बसतील एवढं स्टेडियम आहे. गावाच्या क्लबनं फ्रान्सचा राष्ट्रीय चषक दोनदा जिंकलाय, युरोपीय स्पर्धेत इटलीच्या आणि युक्रेनच्या बड्या संघांशी दोन हात केलेत, आणि दिदिए द्रोग्बा जगाला माहीत होण्याआधी इथंच गोल मारत होता. क्लबचं नाव आँ आव्हाँ गँगाँ.

या क्लबबद्दल लिहिणारे बहुतेक जण ‘चमत्कार’ हा शब्द वापरून मोकळे होतात. मला तो शब्द पुरत नाही. चमत्कार एकदा घडतो. हा क्लब १९८४ पासून व्यावसायिक आहे, चार दशकं पगार देतोय, वर गेलाय, खाली पडलाय, पुन्हा उभा राहिलाय. असं काही चालतं तेव्हा त्यामागे व्यवस्था असते. ती उलगडून बघितली की फ्रेंच फुटबॉलचं अर्थकारणही आपोआप कळतं.

जागा विकत मिळत नाही

आपल्याला आयपीएलची सवय आहे. तिथं शहर ठरतं, मालक पैसे भरतो, संघ तयार होतो आणि कितीही हरला तरी पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत खेळतो. फ्रान्समध्ये, आणि बहुतेक युरोपात, तसं नाही. तिथं एकाच उतरंडीत सगळे क्लब बसवलेले असतात. सर्वांत वर लीग-१, तिच्याखाली लीग-२, मग नॅशनल नावाची तिसरी श्रेणी, त्याखाली आणखी राष्ट्रीय पातळ्या, आणि मग प्रादेशिक व जिल्हा स्पर्धा, अगदी खेड्यातल्या रविवारच्या सामन्यापर्यंत. दर हंगामाच्या शेवटी तळातले काही क्लब खाली जातात, खालचे अव्वल वर येतात. वरच्या दोन श्रेणी व्यावसायिक मानल्या जातात आणि त्यांचा कारभार व्यावसायिक लीगची संस्था बघते. त्याखालचं सगळं फ्रेंच फुटबॉल महासंघाकडे.

म्हणजे कागदोपत्री सात हजारांच्या गावातल्या क्लबला पॅरिसच्या क्लबइतकाच वर जायचा हक्क आहे. हक्क सगळ्यांनाच असतो, वर जाऊन टिकणारे मात्र बोटावर मोजण्याइतके. सोशो हेही चिमुकलं गाव आहे, पण तिथल्या क्लबच्या पाठीशी अनेक दशकं प्युजो ही मोटार कंपनी होती. ओसेर लहान, तरी गँगाँच्या कितीतरी पट मोठं. गँगाँच्या मागे ना मोठा कारखाना ना मोठं शहर.

एक माणूस, दोन खुर्च्या

क्लबची स्थापना १९१२ ची. पहिली साठ वर्षं तो ब्रिटनीतल्या शेकडो हौशी क्लबांपैकी एक होता. १९७२ मध्ये नोएल ल ग्राएट अध्यक्ष झाले आणि गोष्ट बदलली. जवळच्याच बूरब्रियाक गावात जन्मलेला हा माणूस पुढे गोठवलेल्या आणि डबाबंद खाद्यपदार्थांच्या धंद्यात मोठा उद्योजक झाला. ब्रिटनी हा शेती, दूध, डुकरं, कोंबड्या आणि मासळी यांचा प्रदेश आहे. इथला पैसा अन्नप्रक्रियेतून येतो. क्लबला लागलेला पैसाही त्याच मातीतला.

त्यांच्या पहिल्याच हंगामात, १९७२-७३ मध्ये, या प्रादेशिक पातळीवरच्या क्लबनं राष्ट्रीय चषकात दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबांना एकामागून एक घरी पाठवलं. परिसरात नाव झालं. १९७७ मध्ये क्लब स्वतः दुसऱ्या श्रेणीत पोचला, १९८४ मध्ये व्यावसायिक झाला आणि १९९० मध्ये रुदुरू हे नवं स्टेडियम उभं राहिलं. १९९५ मध्ये पहिल्यांदा अव्वल श्रेणी. १९९६ मध्ये उन्हाळ्यात होणाऱ्या इंटरटोटो चषकातून युएफा चषक या मोठ्या युरोपीय स्पर्धेचं दार उघडलं आणि समोर उभा राहिला इंटर मिलान. घरी ०-३ हार, मिलानमध्ये १-१ बरोबरी. व्यावसायिक होऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

ल ग्राएट १९९१ पर्यंत आणि मग २००२ ते २०११ असे दोनदा क्लबचे अध्यक्ष होते. मधल्या काळात, १९९१ ते २००० पर्यंत, ते फ्रेंच व्यावसायिक लीगचे अध्यक्ष. १९९५ ते २००८ गँगाँचे महापौर. पुढे २०११ पासून फ्रेंच महासंघाचे अध्यक्ष. तिथून २०२३ मध्ये त्यांना जावं लागलं. महिलांशी असलेल्या वागणुकीबद्दल तक्रारी झाल्या होत्या आणि सरकारी तपासणी अहवालानं त्यांच्यावर कडक ठपका ठेवला होता. त्यांनी आरोप नाकारले. क्लबच्या कौतुकात हा भाग गाळण्याची पद्धत आहे, मला ती पटत नाही. त्याच कौतुकात आणखी एक गोष्ट झाकली जाते. गावाचा महापौर आणि गावातल्या सर्वांत मोठ्या क्लबचा अध्यक्ष एकच माणूस असतो, तेव्हा कामं भराभर होतात हे खरं, पण प्रश्न विचारणारं कोणी उरत नाही. लहान गावातल्या क्लबची ताकद आणि धोका एकाच ठिकाणी असतात, ते इथं दिसतं.

मग स्टेडियम भरतं कुणी?

सात हजारांत म्हातारे, तान्ही मुलं, फुटबॉल न बघणारे, सगळे आले. तरी लीग-१ मधल्या चांगल्या वर्षांत रुदुरूवर गावाच्या लोकसंख्येच्या दुपटीच्या आसपास लोक असत. ही माणसं गँगाँची नव्हतीच. ती पँपोलच्या बंदराकडून येत, लानियाँहून येत, सँ-ब्रियहून येत, आतल्या शेतकरी गावांतून येत. कोत-दार्मोर हा सगळा जिल्हाच क्लबचं खरं घर. या जिल्ह्याची वस्ती सहा लाखांच्या घरात आहे आणि बराच काळ त्यात वरच्या पातळीवरचा दुसरा फुटबॉल क्लब नव्हता.

म्हणून ‘सात हजारांचा क्लब’ हे वर्णन अर्धंच खरं आहे. नाव गावाचं, पण पाया जिल्ह्याचा. माझ्या मते गँगाँनं केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच. त्यांनी आपला क्लब फक्त आपल्या वेशीपुरता ठेवला नाही. सामन्याच्या दिवशी मैदानावर येणारा शेतकरी, शाळामास्तर, कारखान्यातला कामगार, दूध संकलनाची गाडी चालवणारा, हे सगळे क्लबला ‘आपला’ म्हणतात. प्रायोजकही तसेच: एकच अवाढव्य कंपनी नाही, तर परिसरातले शेकडो लहान-मध्यम धंदे. सामन्याला जेवणासह पाहुण्यांच्या जागा घ्यायच्या, तिथंच गिऱ्हाइकाला भेटायचं, फलकावर नाव लावायचं. एक प्रायोजक बुडाला तरी क्लब बुडत नाही.

पैसा येतो कुठून

फ्रेंच क्लबचं उत्पन्न मुख्यतः चार ठिकाणांहून येतं: टीव्ही प्रक्षेपणाचे हक्क, प्रायोजक, तिकिटं आणि खेळाडूंची विक्री. मोठ्या शहरातला क्लब चारही बाजूंनी कमावतो. लहान गावातल्या क्लबची तिकीट खिडकी आणि प्रायोजक यांना नैसर्गिक मर्यादा असते. परिसर संपला की ते संपतं. उरतात दोन: टीव्ही आणि विक्री.

टीव्हीचे हक्क प्रत्येक क्लब स्वतंत्रपणे विकत नाही. लीग सगळ्यांच्या वतीनं एकत्र विकते आणि मग वाटणी होते. एक हिस्सा सगळ्यांना समान, एक हिस्सा हंगामात मिळालेल्या क्रमांकावरून आणि मागच्या काही वर्षांच्या कामगिरीवरून, एक हिस्सा कुणाचे सामने किती दाखवले गेले यावरून. समान हिश्श्यामुळे गँगाँसारखा क्लब लीग-१ मध्ये श्वास घेऊ शकतो. तिथं असताना त्याच्या उत्पन्नातला सर्वांत मोठा वाटा टीव्हीचाच असतो.

आता खाली पडण्याचा अर्थ बघा. लीग-१ आणि लीग-२ च्या टीव्ही उत्पन्नात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एका मे महिन्यात, एखाद्या गोलानं, क्लब खाली जातो आणि पुढच्या ऑगस्टपासून त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग नाहीसा होतो. खेळाडूंचे करार मात्र दोन-तीन वर्षांचे असतात. खाली आल्यावर पगार कमी होईल अशी अट करारात घालून ठेवणं, महागडे खेळाडू उन्हाळ्यातच विकून टाकणं, हे खाली येण्याच्या आधीच ठरवून ठेवावं लागतं. लीगकडून खाली आलेल्या क्लबला काही मदत मिळते, पण ती उशीसारखी. पडण्याचा मार थोडा कमी लागतो इतकंच.

दुसरा धोका तर क्लबच्या हातातच नाही. २०२० ते २०२४ या काळासाठी लीगनं मीडियाप्रो या कंपनीशी वर्षाला ८० कोटी युरोंहून अधिक रकमेचा करार केला होता. क्लबांनी त्या भरवशावर अंदाजपत्रकं मांडली, करार केले. ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीनं हप्ता दिला नाही, डिसेंबरमध्ये करार मोडला. त्यात कोविडमुळे मैदानं रिकामी. २०२१ मध्ये लीग-१ चे बहुतेक सामने अ‍ॅमेझॉननं सुमारे २५ कोटी युरोंना घेतले. नंतर डॅझोन ही प्रक्षेपण कंपनी आली, तोही करार एका हंगामात मोडला, आणि २०२५ मध्ये लीगनं लीग-१ प्लस ही स्वतःची वाहिनी सुरू केली. पॅरिसच्या क्लबचा मालक हे खड्डे भरून काढू शकतो. गँगाँमधला बिस्किटांचा किंवा यंत्रांचा धंदा करणारा भागधारक ते कुठून भरणार?

विकायचं, पण कधी?

जानेवारी २००२ मध्ये गँगाँनं ल मां या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबकडून एक आघाडीचा खेळाडू घेतला. वय तेवीस, पहिला व्यावसायिक करार उशिरा, एकविसाव्या वर्षी मिळालेला, दुखापतींचा इतिहास. दिदिए द्रोग्बा. त्याच्या आधी २००० मध्ये शातोरूहून विशीतला फ्लोराँ मालुदा आला होता. २००२-०३ च्या हंगामात द्रोग्बानं लीगमध्ये १७ गोल केले आणि क्लब सातवा आला. ती आजवरची त्याची सर्वोत्तम कामगिरी.

त्याच उन्हाळ्यात द्रोग्बा मार्सेयला गेला आणि मालुदा लियाँला. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, गँगाँ खाली आला.

या दोन ओळींत लहान क्लबची सगळी कोंडी आहे. चांगला खेळाडू ठेवला तर त्याचा पगार परवडत नाही आणि करार संपला की तो फुकट जातो. विकला तर तिजोरी भरते, पण संघ मोडतो. मोठा क्लब यातून पैशानं सुटतो. लहान क्लबला एकच वाट असते: दुसऱ्यांच्या नजरेतून सुटलेला खेळाडू त्यांच्याआधी हेरणं, आणि तो जाईल त्या दिवसाची तयारी तो आलेल्या दिवसापासून करणं. गँगाँनं हे पुन्हापुन्हा केलंय. १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रेंच संघातले स्तेफान गिव्हार्श आणि व्हँसाँ काँदेला दोघेही आधी इथं खेळले होते. लोराँ कोसिएल्नी इथून पुढे आर्सेनलपर्यंत पोचला. २०१४-१५ मध्ये लीगमध्ये १७ गोल करणारा क्लोदिओ बोव्ह्यू लगेच लियाँला विकला गेला. मार्कुस त्युराम २०१७ ते २०१९ इथं होता, नंतर जर्मनीतून इंटर मिलानला गेला.

घरात खेळाडू घडवणं ही दुसरी बाजू. फ्रान्समध्ये व्यावसायिक क्लबांची प्रशिक्षण केंद्रं महासंघाच्या मान्यतेनं चालतात. मुलं तिथं राहतात, शिकतात, खेळतात. व्यावसायिक फुटबॉलची एक सनद आहे, क्लब आणि खेळाडूंच्या संघटना यांच्यातला सामूहिक करार म्हणा. तिच्यानुसार ज्या क्लबनं मुलाला घडवलं, त्याचा पहिला व्यावसायिक करार करण्याचा हक्क आधी त्या क्लबचा. लहान क्लबला हे संरक्षण मिळालं नाही तर मुलगा सतरा वर्षांचा होताच कुणीही उचलून नेईल. लुदोविक ब्ला याच घडणीतून आला आणि २०१९ मध्ये नाँतला विकला गेला.

जागतिक महासंघाचा म्हणजे फिफाचाही एक नियम आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात विक्री झाली की रकमेतले पाच टक्के बाजूला काढून, त्याच्या बाराव्या ते तेविसाव्या वाढदिवसादरम्यान तो ज्या-ज्या क्लबांत घडला त्यांना वर्षांच्या हिशेबानं वाटतात. सुरुवातीच्या चार वर्षांना कमी, नंतरच्या वर्षांना दुप्पट. म्हणून दहा वर्षांपूर्वी गेलेल्या मुलाच्या नव्या विक्रीतून एखाद्या लहान क्लबला अचानक रक्कम येते. द्रोग्बा २००४ मध्ये इंग्लंडमधल्या चेल्सीला गेला तेव्हा मात्र या नियमानं गँगाँला काही मिळण्यासारखं नव्हतं, कारण तो गँगाँला आला तेव्हा त्याचा तेविसावा वाढदिवस होऊन गेला होता.

चषक मिळाला आणि घर बसलं

फ्रान्सचा राष्ट्रीय चषक ही सगळ्यांना खुली स्पर्धा. दरवर्षी सात हजारांहून जास्त क्लब भाग घेतात. प्रादेशिक फेऱ्यांतून सुरुवात होते, मोठे क्लब नंतर येतात. सोडत खुली असते, मानांकन नाही. आणि दोन किंवा जास्त श्रेणी खालचा संघ समोर आला तर सामना त्याच्या घरच्या मैदानावर होतो. अशा संघाला तिथले लोक परीकथेतल्या अंगठ्याएवढ्या मुलाच्या नावानं हाक मारतात. २००० मध्ये कालेचा हौशी संघ चौथ्या श्रेणीतून अंतिम फेरीत पोचला होता, २०१८ मध्ये लेझ-एरबिए तिसऱ्या श्रेणीतून. दोघेही तिथं हरले.

गँगाँ १९९७ मध्ये अंतिम सामन्यात नीसकडून पेनल्टींवर हरला होता. २००९ मध्ये तो पुन्हा अंतिम फेरीत आला, यावेळी दुसऱ्या श्रेणीतला क्लब म्हणून. समोर रेन, ब्रिटनीची राजधानी, दोन लाखांवर वस्ती, आणि १९९८ पासून मालकी पिनो या फ्रान्समधल्या अतिश्रीमंत घराण्याची. ९ मे २००९, पॅरिसचं स्ताद द फ्रान्स, ऐंशी हजारांवर प्रेक्षक, दोन्ही बाजूंना ब्रिटनीचे काळे-पांढरे झेंडे. कार्लोस बोकानेग्रानं रेनला आघाडी दिली. काही मिनिटांतच ब्राझिलियन एदुआर्दोनं बरोबरी केली, आणि मग दुसरा गोलही त्यानंच मारला. २-१. दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबनं हा चषक जिंकण्याची १९५९ च्या ल हाव्रनंतरची ही पहिलीच वेळ.

पुढचं वर्ष बघा. चषकामुळे युरोपात जागा मिळाली, हँबुर्गनं तिथं दोन्ही सामन्यांत धुतलं. ऑक्टोबर २००९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय संघानं विश्वचषक पात्रतेचा फॅरो बेटांविरुद्धचा सामना रुदुरूवर खेळला आणि ५-० नं जिंकला. गावाच्या इतिहासातले सगळ्यात झगमगते महिने. आणि मे २०१० मध्ये क्लब लीग-२ मधूनही खाली, तिसऱ्या श्रेणीत गेला. चषक कपाटात, संघ नॅशनलमध्ये.

चषकाचं बक्षीस एकदाच मिळतं, लीगमधली जागा दर वर्षी उत्पन्न देते. चषक हे कौतुक आहे, उपजीविका नाही. मैदानावरचं यश आणि क्लबची तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे २००९-१० इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

तिसऱ्या श्रेणीत गेलेल्या क्लबला व्यावसायिक दर्जा काही काळच टिकवता येतो. लवकर वर आला नाही तर प्रशिक्षण केंद्राची मान्यता, करार, सगळंच सुटत जातं. गँगाँनं प्रशिक्षकपदाचा मोठा अनुभव नसलेल्या जोसलँ गूर्वेनेकवर भरवसा ठेवला. तो २०११ मध्ये वर घेऊन आला आणि २०१३ मध्ये आणखी वर, लीग-१ मध्ये. त्या वर्षी लीग-२ मध्ये पहिला आला मोनाको आणि दुसरा गँगाँ. त्याच उन्हाळ्यात मोनाकोनं फाल्काओ आणि हामेस रोद्रिगेस यांच्यावर पैशांचा पाऊस पाडला. एकाच शिडीवरून एकाच हंगामात वर आलेले दोन क्लब!

पण गँगाँ टिकला. सहा वर्षं. मे २०१४ मध्ये पुन्हा चषकाचा अंतिम सामना, पुन्हा रेन, पुन्हा विजय, २-०. पुढच्या हंगामात युरोपा लीगच्या गटात फियोरेन्तिना, सालोनिकाचा पाओक आणि दिनामो मिन्स्क. गटातून पार होऊन डायनामो कीव्हला घरी २-१ हरवलं, परतीच्या सामन्यात ३-१ नं हरून बाहेर. डिसेंबर-फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारच्या रात्री मला या क्लबच्या सगळ्या कहाणीत सर्वांत आवडतात.

२०१९ च्या जानेवारीत तळाला असलेल्या गँगाँनं लीग चषक या राष्ट्रीय चषकाहून वेगळ्या स्पर्धेत पॅरिस सँ-जर्मँला त्यांच्याच मैदानावर २-१ नं बाहेर काढलं. सलग पाच वर्षं तो चषक जिंकणारा संघ. पंचांनी गँगाँला तीन पेनल्टी दिल्या, त्युरामनं पहिली चुकवली आणि अगदी शेवटी तिसरी घातली. दहा दिवसांनी लीगमध्ये त्याच मैदानावर पॅरिसनं ९-० नं हरवलं. मार्चमध्ये लीग चषकाचा अंतिम सामना स्ट्रासबूर्गकडून पेनल्टींवर गमावला, मेमध्ये लीग-१ मधली जागाही गेली. २०२५ पर्यंत तरी क्लब पुन्हा वर आला नव्हता.

हिशेब तपासणारे

प्रत्येक हंगामाच्या आधी, जूनच्या सुमारास, फ्रान्समधल्या व्यावसायिक क्लबांना आपला ताळेबंद आणि पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक घेऊन डीएनसीजी या संस्थेपुढे उभं राहावं लागतं. क्लबांच्या आर्थिक कारभारावर देखरेख ठेवणारी ही यंत्रणा १९८० च्या दशकात सुरू झाली. तिचे प्रश्न सरळ असतात. पैसे कुठून येणार? मालक म्हणतो मी भरीन, तर ते खात्यात आहेत का? खेळाडू विकून भागवणार म्हणता, तर खरेदीदार कोण? उत्तर पटलं नाही तर पगारांवर मर्यादा येते, नव्या खेळाडूंच्या करारांवर बंधनं येतात, आणि शेवटचा उपाय म्हणजे थेट खालच्या श्रेणीत पाठवणी. मैदानावर न हरताही.

हा धाक कागदी नाही. बोर्दो, सहा वेळा फ्रान्सचा विजेता, २०२४ मध्ये याच टप्प्यावर कोसळला, व्यावसायिक दर्जा सोडून चौथ्या श्रेणीत गेला. सोशोला २०२३ मध्ये तिसऱ्या श्रेणीत जावं लागलं. चिनी मालकांनी पैसे थांबवले होते आणि शेवटी स्थानिक लोक आणि समर्थकांची संघटना पुढे आले म्हणून क्लब जगला. मोठ्या शहराचा किंवा मोठ्या मालकाचा आधार म्हणजे सुरक्षितता, हा समज या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही. मालकाचं मन बदललं की तो आधार एका उन्हाळ्यात जातो. गँगाँ अनेकदा खाली पडला, पण मैदानावर हरून पडला. हिशेबात पडला नाही. माझ्या लेखी दोन चषकांइतकीच ही कमाई मोठी आहे.

क्लब कुणाचा

फ्रान्समध्ये बहुतेक क्लबांच्या मुळाशी १९०१ च्या कायद्याखालची संस्था असते, नफा न कमावणारी. क्लबची उलाढाल ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की व्यावसायिक संघासाठी वेगळी कंपनी काढावी लागते. मात्र महासंघाकडची नोंदणी मूळ संस्थेच्या नावावर राहते आणि दोघांमध्ये करार असतो. कंपनी दिवाळखोरीत गेली तरी संस्था उरते आणि खालच्या श्रेणीतून पुन्हा सुरुवात करता येते. स्ट्रासबूर्गनं हेच केलं. २०११ मध्ये बुडाल्यावर तो पाचव्या श्रेणीत गेला, स्थानिक लोकांनी हात दिला आणि २०१७ मध्ये लीग-१ मध्ये परतला. २०१९ मध्ये गँगाँला पेनल्टींवर हरवणारा तो हाच.

गँगाँची कंपनी दीर्घकाळ परिसरातल्या अनेक छोट्या-मोठ्या उद्योजकांच्या हातात राहिली आहे. कुणा एकाच्या मर्जीवर सगळं चालत नाही. २०१७ मध्ये त्यात कालों ही योजना आली. थोडी रक्कम भरून साध्या समर्थकालाही क्लबच्या भागभांडवलात वाटा घेता येतो. हजारो लोक त्यात आले, म्हणजे गावात राहतात त्याहून अधिक माणसं कागदोपत्री क्लबची वाटेकरी झाली. यातून जमणारी रक्कम फार मोठी नसते, लीग-२ च्या अंदाजपत्रकातही ती लहानच. पण क्लब विकायची भाषा सुरू झाली की हे हजारो लोक फक्त प्रेक्षक म्हणून नाही, मालक म्हणून बोलू शकतात.

स्ट्रासबूर्गचं पुढे काय झालं ते याच संदर्भात सांगायला हवं. लोकांनी वाचवलेला तो क्लब २०२३ मध्ये चेल्सीच्या मालकांच्या गटानं विकत घेतला. महागडे तरुण खेळाडू आले, क्रमवारी सुधारली, आणि गोलाच्या मागे उभे राहणारे जुने समर्थक सामन्याच्या पहिल्या पंधरा मिनिटांत निषेध म्हणून गप्प राहू लागले, कारण आपला क्लब दुसऱ्या क्लबची शाखा झाला असं त्यांना वाटतं. टीव्हीचा पैसा आटत चाललाय तसा फ्रान्समधल्या आणखी क्लबांपुढे असा प्रस्ताव येणार, लहान गावांतल्या क्लबांपुढेही. प्रस्ताव आला तर सह्या कुणाच्या लागतील, हे प्रत्येक क्लबच्या भागधारकांच्या यादीवरून आजच सांगता येतं. गँगाँची यादी लांब आहे आणि तिच्यातली बहुतेक माणसं रुदुरूपासून तासाभराच्या अंतरावर राहतात.